भेटीच्या दिवशी पांढरे कपडे

पत्र आलं तेव्हा शनिवार होता म्हणून बरं, नाहीतर क्रॉसवेलच्या शाळेतल्या चारशे पोरांचं जेवण त्या दिवशी करपलं असतं. तिथली स्वयंपाकीण व्हर्लीन टॉलिव्हरनं पाकीट फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि पायातल्या सपाता भिरकावून ती अंगणात नाचायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी नाचत होती. समोरच्या घरातला कुत्रा घाबरून भुंकायला लागला, तर त्यालाही तिनं ओरडून सांगितलं, "अरे गप, माझ्या डेलला टेबल मिळालं!"

टेबल मिळालं म्हणजे काय, हे टेक्ससच्या या भागात कुणाला सांगावं लागत नाही. इथे दर चौथ्या घरातलं कुणी ना कुणी 'युनिट'वर असतं, आणि तुरुंगाला तुरुंग म्हणायची पद्धत नाही. सहा वर्षं व्हर्लीन महिन्यातून एकदा तिथे जाऊन काचेसमोर बसत होती. काचेच्या पलीकडे तिचा मुलगा, कानाला रिसिव्हर, आणि दोघांनी काचेवर ठेवलेले पंजे. आता वागणूक चांगली म्हणून डेलला काचेविना भेट मंजूर झाली होती. येताना एक मिठी, जाताना एक मिठी, मधे दोन तास टेबलाशी बसायचं आणि पोर लहान असेल तर मांडीवर घ्यायचं. पत्राच्या शेवटी डेलनं लिहिलं होतं, "आई, आता जोरीला आण."

नाचता नाचता व्हर्लीन थांबली ती या ओळीवर.

जोरी म्हणजे जोरिएल, डेलची मुलगी, वय वर्षं सात. डेलला पकडलं तेव्हा ती नुकती पावलं टाकायला लागली होती. तिच्या आईनं निकाल ऐकला, पोर सासूच्या हातात दिली आणि अटलांटाला जाऊन दुसरा संसार मांडला. तेव्हापासून व्हर्लीनच तिची आजी, तीच आई आणि राग आला की तीच बापही. जोरीला बाप माहीत होता तो फोटोतला. वर्षातून एकदा डेल फोटो पाठवायचा आणि फोटोत तो पांढरा सदरा, पांढरी विजार घालून उभा असायचा, कारण टेक्ससात आत सगळ्यांना तेच घालावं लागतं. चार वर्षांची असताना पोरीनं विचारलं होतं, "आजी, बाबा पांढरं का घालतो?" व्हर्लीनच्या हाताला तेव्हा कणीक होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "कारण तो मोठ्या बेकरीत काम करतो."

आता यात अर्धं खरं होतं. डेल आत सकाळचे पाव भाजायचा. पण उरलेलं अर्धं झाकायला व्हर्लीनला जी धावपळ करावी लागली, तेवढ्या मेहनतीत एखादीनं शाळा काढली असती. डेलच्या पाकिटावर युनिटचा शिक्का असायचा, तो कात्रीनं कापून मगच पत्र पोरीच्या हातात. डेलचा फोन आला की आधी एक रेकॉर्ड केलेली बाई बोलायची की हा फोन कैद्याकडून आहे, घ्यायचा असेल तर अमुक बटण दाबा. ती बाई बोलून होईपर्यंत व्हर्लीन रिसिव्हर छातीशी घट्ट धरून उभी राहायची. "कोण आहे गं?" जोरी विचारायची. "बेकरीतली फोनवाली," व्हर्लीन सांगायची. "फार बोलते मेली."

गावाला अर्थातच सगळं ठाऊक होतं. पण व्हर्लीनच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. डेलचा दोस्त ट्रे हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात पिस्तूल घेऊन शिरला होता आणि डेल बाहेर गाडीत बसला होता. दोघांना सारखीच शिक्षा झाली, बारा वर्षं. "माझं पोरगं फक्त गाडीत बसलं होतं. त्याला पिस्तुलाचा पत्तासुद्धा नव्हता," हे वाक्य व्हर्लीननं सहा वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की मंडळींना ते पाठ झालं होतं. या वाक्यापायी ती चर्चच्या पास्टरशी भांडली, सख्ख्या बहिणीशी बोलायची बंद झाली. त्या दुकानात तेव्हा काउंटरवर होत्या त्या मिसेस हॅस्केल, आता निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या बाई, बाजारात समोर आल्या की व्हर्लीन मान फिरवून डब्यांची रांग बघत बसायची. कोर्टात त्यांनी 'दोघेही त्यात होते' असं म्हटलं होतं, ते तिला कधी विसरता आलं नाही.

भेट ठरली जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी. मधे तीन आठवडे होते. व्हर्लीननं ठरवलं, पहिल्या आठवड्यात पोरीला सगळं सांगायचं. पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिनं जोरीला समोर बसवलं, घसा साफ केला, आणि शेवटी केसांना तेल लावून दिलं. तिसऱ्या आठवड्यात जोरीच्या अंगात वारं शिरलं होतं. ती बिछान्यावर उड्या मारायची, शाळेत ज्याला त्याला थांबवून सांगायची, "मी माझ्या बाबाच्या बेकरीत चाललेय!" भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज फुली मारायची. एवढ्या आनंदात असं काही सांगायचं म्हणजे वाढदिवसाच्या केकमधे खडा घालण्यासारखं, असं व्हर्लीनला वाटायचं, आणि ती उद्यावर ढकलायची.

चर्चची व्हॅन महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भल्या पहाटे निघते. चर्चचा कारभार बघणारा डीकन लव्हल ती चालवतो आणि मागे सात-आठ बायका, त्यांची पोरं, थर्मास, घोंगड्या. जोरी त्या दिवशी हाकही न मारता उठली, स्वतःच आवरलं आणि गळ्यापर्यंत चेन लावलेलं जाडं जाकीट घालून दारात उभी राहिली.

"आत काय घातलंयस? तो पिवळा फ्रॉकच ना?"

"सरप्राइज आहे," जोरी म्हणाली आणि दोन्ही हातांनी जाकीट घट्ट धरून खिदळली. व्हर्लीनला वाटलं, बापासाठी चित्र काढलंय, तेच लपवतेय.

व्हॅनमधे ओझेला आधीच बसलेली होती. ओझेलाचा नवरा त्याच युनिटवर, एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे या मंडळात तिचा शब्द शेवटचा. तिनं जोरीला खिडकीशी बसवलं आणि व्हर्लीनच्या कानाशी लागली.

"सांगितलंस?"

"आज सांगते."

"मागच्या रविवारीपण आजच होतं तुझं."

"अगं, तिकडे पोचेपर्यंत सांगते की."

"दोन तास उरलेत बये. आणि तुला साधं 'मीठ जास्त झालं' सांगायलाही अर्धा तास लागतो."

दोन तास गेले कुठे ते कळलंच नाही. बायकांनी गाणी म्हटली, जोरीनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटली, डीकननं हॉर्न वाजवून ताल धरला. पाइनच्या जंगलातून सूर्य वर आला. जोरी दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बाबा मला ओळखेल ना? मला उचलेल ना?" आणि व्हर्लीनच्याही मनात तेच चाललं होतं. सहा वर्षांनी पोराच्या अंगाचा वास येणार होता. तिनं तोंड उघडलं की गाणंच बाहेर पडायचं.

युनिटच्या दारात रांग होती. तपासणीच्या टेबलाशी निळ्या गणवेशातली केंड्रा उभी होती. ही केंड्रा क्रॉसवेलच्याच शाळेत शिकलेली, व्हर्लीनच्या हातचे पाव खाऊन मोठी झालेली.

"मिस व्हर्लीन! आज काचेविना म्हणे! आणि ही कोण, जोरी? चल, जाकीट काढून या ट्रेमधे ठेव."

जोरीनं एका झटक्यात चेन खाली ओढली. आत शाळेच्या गायनमंडळाचा पांढरा शर्ट होता. खाली पांढरी पँट. खिशातून तिनं व्हर्लीनची स्वयंपाकघरातली पांढरी जाळीची टोपी काढली, कानांवरून ओढून घातली आणि दोन्ही हात पसरले.

"बाबासारखी!" ती ओरडली. "आम्ही दोघं सारखे दिसणार!"

ओझेलानं डोळे मिटून घेतले. इथे पहिल्यांदा येणारं माणूस हीच चूक करतं आणि दुसऱ्यांदा कधी करत नाही. पण कुणी आजवर ती हौसेनं, टोपीसकट केली नव्हती.

केंड्रा खाली वाकली. तिचा आवाज मऊ होता. "बाळा, पांढरं घालून आत नाही सोडता येत. आत कैदी पांढरं घालतात ना, म्हणून."

"नाही," जोरीनं तिला समजावलं. "बेकरीवाले घालतात."

केंड्रानं व्हर्लीनकडे पाहिलं. तेवढ्या एका नजरेत सगळा हिशोब तिच्या लक्षात आला. "मिस व्हर्लीन," ती हळूच म्हणाली, "तुमची जागा मी वीस मिनिटं धरून ठेवते. त्यापुढे वरून विचारतील. पळा."

व्हॅनमधे त्या दोघीच होत्या. डीकन बाहेर लांब जाऊन उभा राहिला होता. काचांवर धुकं धरलं होतं. जोरी टोपी न काढता बसली होती आणि तिचा खालचा ओठ पुढे आला होता.

"जोरी," व्हर्लीन म्हणाली, "ही बेकरी नाही. हा तुरुंग आहे. तुझा बाबा कैदी आहे."

निघालं एकदाचं. तीन वर्षं जे अडून राहिलं होतं, ते तीन वाक्यांत बाहेर पडलं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"तू म्हणालीस बेकरी."

"मी खोटं बोलले."

"सगळं?"

"पाव तो खरंच भाजतो. पण आत. त्याला बाहेर येता येत नाही. त्याच्या दोस्तानं पिस्तूल दाखवून एक दुकान लुटलं, आणि बाबा गाडी घेऊन बाहेर थांबला होता. मग कोर्टात जज असतो, त्यानं सगळं ऐकलं आणि दोघांना शिक्षा दिली. अजून सहा वर्षं आहेत. कदाचित आधी सोडतील."

जोरीनं पुढच्या सीटला लाथ मारली. मग दुसरी. व्हर्लीननं अडवलं नाही. तिला वाटलं, आता ही माझं काही म्हणून खरं मानणार नाही, आणि तेच झालं.

"आई अटलांटात आहे तेपण खोटं?"

"ते खरं आहे."

"बिस्किट शेतावर राहायला गेलं ते?"

बिस्किट म्हणजे मांजर. व्हर्लीननं मोठा श्वास घेतला. "ट्रकखाली आलं गं."

"आजी!"

"विचार, सगळं विचार. आज जे विचारशील त्याचं खरं उत्तर देते. मग भले माझ्याशी बोलू नकोस."

"माझा आवाज गोड आहे म्हणतेस ते?"

"मोठा आहे," व्हर्लीन म्हणाली. "गोड व्हायला अजून वेळ आहे."

जोरीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही कोसळलं. व्हर्लीननं तिला ओढून घेतलं. पोर तिच्या कोटात तोंड खुपसून रडली, नाक पुसलं, मग मान वर केली.

"बाबाला माहीत होतं का, की दोस्ताकडे पिस्तूल आहे?"

"नाही," व्हर्लीन म्हणाली. इथे तिला विचार करावा लागला नाही. "अजिबात नाही. तो फक्त गाडीत बसला होता."

"शपथ?"

"शपथ. आता ऐक. तुला आत यायचं नसेल तर आपण इथेच बसू. मी रागावणार नाही, बाबापण नाही."

जोरीनं टोपी काढून सीटवर टाकली. "कपडे कुठे आहेत दुसरे?"

सीटखाली ओझेलाची भलीमोठी पिशवी होती. पांढरं घालून आलेल्यांसाठी, फार तोकडं घालून आलेल्यांसाठी, कुणासाठीही. व्हर्लीननं ती उलटी केली. जोरीच्या वाट्याला आला कुठल्याशा फुटबॉल संघाचा जांभळा टी-शर्ट, गुडघ्यांच्याही खाली जाणारा, आणि हिरवी विजार, जी व्हर्लीननं दोन सेफ्टी पिनांनी कमरेला टोचली. दोघी पळत सुटल्या. व्हर्लीनचे गुडघे ओरडत होते, जोरी पुढून तिला ओढत होती, आणि दारातून ओझेला हात हलवत होती, "चला गं, चला, अठरा मिनिटं झाली!"

खोलीत पंचवीसेक टेबलं होती. आतलं दार उघडलं आणि डेल आला. काचेतून जेवढा दिसायचा त्याहून तो कितीतरी मोठा होता. त्यानं जांभळ्या टी-शर्टातल्या मुलीकडे पाहिलं आणि तो तिथेच थांबला, पुढे यायला घाबरल्यासारखा. जोरीच धावली. त्यानं तिला उचललं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कैदीही डोळे पुसायला लागला. मग डेलनं आईला मिठी मारली. घाईची. व्हर्लीनला साबणाचा आणि यीस्टचा वास आला आणि ती हसत रडत म्हणाली, "जेवतोस का रे नीट? हाडं लागतायत."

तिघं बसले. जोरी मांडीवर. डेलनं उसनं हसू आणलं. "मग, माझ्या बेकरीत..."

"आजीनं सांगितलं मला," जोरी म्हणाली. "व्हॅनमधे. हा तुरुंग आहे."

डेलनं आईकडे पाहिलं. व्हर्लीननं मान डोलावली. त्याचे खांदे खाली आले, ओझं उतरल्यासारखे.

"आता तू सांग," जोरी म्हणाली.

"आजीनं सांगितलं ना?"

"तू सांग. तू तिथे होतास. आजी नव्हती."

डेलनं तिचा हात हातात घेतला. मग सांगायला लागला. ट्रेनं हाक मारली, रात्री आठची वेळ होती, गाडी डेलची होती.

"आणि तुला माहीत नव्हतं, त्याच्याकडे पिस्तूल आहे," जोरीनं त्याला मदत केली. "आजीनं शपथ घेतली."

डेलनं तिची बोटं मुठीत धरली. त्यानं वर पाहिलं नाही.

"माहीत होतं," तो म्हणाला.

व्हर्लीनला वाटलं, खोलीतल्या गोंगाटात आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालास?"

"माहीत होतं, आई. गाडीत त्यानं मला दाखवलं होतं. मी म्हटलं, मला काही बघायचं नाही, आणि गाडी लावली. मिसेस हॅस्केल आतून ओरडल्या तेपण ऐकू आलं. मी गाडी चालूच ठेवली होती." त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यापाशी नाही खोटं बोलायचंय मला. म्हणून सांगतो."

"तुला भीती वाटली?" जोरीनं विचारलं.

"फार."

"दुकानातल्या त्या आजींना?"

"माझ्याहून जास्त. त्यांची काही चूक नव्हती."

जोरी विचारत गेली आणि डेल एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेला. हळूहळू बाप-लेक शाळेवर आले, पडलेल्या दातावर आले, मांजरावर आले. डेल हसायलासुद्धा लागला. व्हर्लीनच्या कानावर सगळं पडत होतं, पण तिचं मन क्रॉसवेलच्या बाजारात डब्यांच्या रांगेपुढे उभं होतं. मान फिरवून. सहा वर्षं. पास्टरला आपण काय काय बोललो, बहिणीला काय बोललो, सगळं तिला शब्दाशब्दानं आठवत होतं आणि तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. उठावं, याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी आणि चालू लागावं, असं तिला दहादा वाटलं. पोरीला जे व्हॅनमधे झालं, ते आता तिला होत होतं, फक्त लाथ मारायला समोर सीट नव्हती.

"पाच मिनिटं!" केंड्राचा आवाज आला. "निरोपाची एकच मिठी, मंडळी!"

जोरीनं बापाच्या गळ्याला विळखा घातला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सांगितलं, "पुढच्या वेळी मी गुलाबी घालून येईन." मग ती बाजूला झाली आणि आजीकडे बघायला लागली.

डेल उभा होता. त्यानं हात पुढे केले नाहीत. आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला दिसत होतं. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "कोर्टात सांगणार होतो. तू पहिल्या बाकावर बसली होतीस. तुझ्यासमोर तोंड उघडेना."

"गाढवा," व्हर्लीन म्हणाली. "मी अख्ख्या गावाशी भांडले रे तुझ्यासाठी."

"माहीत आहे."

"उद्या त्या बाईच्या दारात जाऊन मी काय सांगू?"

"माझं नाव सांग," डेल म्हणाला. "मी केलं म्हणून सांग."

सहा वर्षं ती ज्या पोराला मिठी मारायची वाट बघत होती, त्यानं काही केलेलं नव्हतं. समोर होता त्यानं केलं होतं. व्हर्लीननं एक पाऊल पुढे टाकलं, त्याच्या मानेवर हात टाकून त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि लहानपणी झोपवताना धरायची तसं धरलं. तिशीतला धिप्पाड माणूस तिच्या अंगावर भार टाकून हमसून रडायला लागला. बाकीची टेबलं रिकामी झाली. कैदी रांगेत उभे राहिले.

"मिस व्हर्लीन," केंड्रा जवळ येऊन म्हणाली, "वेळ झाली."

"झाली असेल," व्हर्लीन म्हणाली. "मला माझा मुलगा आत्ता भेटलाय." आणि तिनं हात सोडले नाहीत.